द्यूत कोणते आणि मोक्षपट कोणता?

परीक्षेचा निकाल मनासारखा लागला नाही की मध्यमवर्गीय मराठी घरातील आरोपी आधीच ठरलेला असतो. संगणकाची वायर काढली जाते, मोबाइल कपाटात कुलूपबंद होतो आणि ‘त्या गेममुळे पोराचे वाटोळे झाले’ असा निवाडा ऐकवला जातो. तो गेम कोणता, मुलगा त्यात नेमके काय करत होता, तासन्‌तास खिळवून ठेवणारे असे त्याला तेथे काय गवसत होते, हे प्रश्न या न्यायालयात विचारलेच जात नाहीत. साक्ष नाही, पुरावा नाही, उलटतपासणी नाही, थेट शिक्षा!

पालकांची चिंता खोटी आहे असे कोणीच म्हणणार नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे हा विकार असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या आजारांच्या वर्गीकरणात मान्य केले. मात्र रोग ओळखल्याशिवाय औषध देणारा वैद्य जसा घातक, तसाच खेळ न पाहता बंदी घालणारा पालकही. ‘व्हिडिओ गेम’ या एका शब्दाखाली जुगार, नेमबाजी, कोडी, शर्यती आणि शंभर शंभर तासांच्या कादंबऱ्या अशा सर्वस्वी भिन्न गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत. सगळ्यांना एकाच काठीने हाकणे यात शिस्त नाही, केवळ आळस आहे.

आपले पूर्वज असे आळशी नव्हते. कवड्या आणि फासे त्यांच्याकडेही होते. त्याच फाशांवर कौरवसभेत द्यूत मांडले गेले आणि एका राज्यासह कुलवधूची अप्रतिष्ठा झाली. आणि त्याच कवड्यांवर, परंपरेने संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला गेलेला मोक्षपटही खेळला गेला. त्यात सद्‌गुणांच्या शिड्या होत्या, दुर्गुणांचे साप होते आणि अखेरच्या घरात मोक्ष होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात पोहोचला, तेथे हळूहळू त्यातील तत्त्वज्ञान गळाले आणि उरलेली सापशिडी खोक्यात भरून पुन्हा आपल्याच बाजारात आली. द्यूतामुळे मोक्षपट जाळावा, असे कोणा संताने सांगितल्याचे ऐकिवात नाही. साधन एकच असले तरी त्याने काय साधायचे याचा विवेक त्या समाजाजवळ होता. आज हरवला आहे तो हाच विवेक.

आनंद नेमका कशाचा?

तरुण मंडळी ज्यांना ‘आरपीजी’ म्हणतात त्या भूमिकाप्रधान खेळांचा जन्म पडद्यावर झालेला नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती चार मित्र बसतात. एक जण कथा सांगतो, बाकीचे त्या कथेतील पात्रे होतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. संकट आले की प्रत्येकाने आपले पात्र काय करील ते सांगायचे आणि फासा टाकायचा. संगणकाने पुढे या कथेकऱ्याची जागा घेतली, एवढेच.

यातील आनंद वेगवान बोटांचा नव्हे. १९८६ साली जपानमध्ये युजी होरी यांचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला. त्यातील वीर आरंभी इतका दुबळा असतो की गावाबाहेरचा क्षुद्र राक्षसही त्याला लोळवतो. पण प्रत्येक लढतीतून अनुभव साठतो, अनुभवातून बळ वाढते आणि काल जो डोंगर ओलांडता येत नव्हता तो आज ओलांडता येतो. ज्याचा हात चपळ नाही, पण अंगी चिकाटी आहे, अशा मुलालाही हा खेळ शेवटपर्यंत नेतो. तालमीत रोज चार जोर वाढवणाऱ्याला जे समाधान मिळते, त्याच जातीचे हे समाधान आहे.

दुसरा आनंद सोबतीचा. या खेळांत नायक सहसा एकटा नसतो. त्याच्यासोबत चालणाऱ्यांची स्वतःची दुःखे असतात, मते असतात, मानापमान असतात. बेल्जियममधील लॅरियन स्टुडिओच्या ‘बाल्डर्स गेट ३’ मध्ये, म्हणजे २०२३ सालच्या खेळात, निर्णायक क्षणी पडद्यावर वीस पैलूंचा फासा आजही फिरतो. आणि खेळाडूने एखाद्या असहायाला वाऱ्यावर सोडले तर त्याचा सोबतीच त्याच्याविषयी नाराज होतो.

तिसरा आनंद सर्वांत मोठा, आणि तो आहे उत्तरदायित्वाचा. कादंबरीचा वाचक नायकाच्या चुकीवर हळहळतो. येथे ती चूक वाचकाची स्वतःची असते.

गुणांची मोजदाद

याचे सर्वांत बोलके उदाहरण १९८५ सालचे आहे. रिचर्ड गॅरियट या अमेरिकन तरुणाच्या ‘अल्टिमा’ मालिकेतील आधीच्या खेळांत चोऱ्या करून आणि निरपराधांना लुटूनही विजय मिळवता येत असे. चौथ्या भागात त्याने सारा पटच उलटला. या भागाला वधासाठी कोणी महाखलनायकच नव्हता. सत्यनिष्ठा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि विनय या आठ गुणांत पारंगत होणे हेच ध्येय. आणि त्या पूर्णत्वाला पोहोचलेल्या मनुष्याला नाव काय दिले? ‘अवतार’! संस्कृतातील शब्द जसाच्या तसा.

या खेळात एक अंध दुकानदारीण आहे. तिच्याकडून औषधी वनस्पती घेताना किती मोहरा द्यायच्या हे खेळाडूच लिहितो. कमी दिल्या तरी ती ओरडत नाही, पहारेकरी धावत नाहीत, काहीच घडत नाही. पण संगणक मुकाट्याने नोंद करतो आणि बऱ्याच काळानंतर कळते की सत्यनिष्ठेची वाट बंद झाली आहे. कोणी पाहत नसताना केलेले कर्मही फळते, हा सिद्धांत नीतिपाठाच्या तासाला घोकून घेण्यापेक्षा अशा रीतीने अनुभवणे अधिक परिणामकारक नव्हे काय?

तीस वर्षांनी, २०१५ साली, टोबी फॉक्स याने ‘अंडरटेल’ हा साध्यासुध्या चित्रांचा खेळ केला. त्यात समोर आलेल्या प्रत्येक शत्रूला न मारता, समजून घेऊन सोडून देता येते. आणि एखाद्याने आधी हिंसा केली व मग पश्चात्तापाने खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, तरी त्या खेळातील एक पात्र त्याला आठवण करून देते की तू काय केले होतेस ते मी विसरलेलो नाही. ‘हे खेळ मुलांना फक्त मारायला शिकवतात’ असे व्यासपीठावरून ठणकावणाऱ्या किती जणांनी हा खेळ डोळ्यांनी पाहिला आहे?

खरा गुन्हेगार

मग निर्दोष सारेच का? मुळीच नाही. पण गुन्हेगार ओळखायचा तर नजर खेळाच्या कथेवर नव्हे, त्याच्या गल्ल्यावर ठेवली पाहिजे. गेल्या काही वर्षांत याच भूमिकाप्रधान खेळांत एक कीड शिरली आहे. खेळ फुकट द्यायचा, आणि हवे ते पात्र वा शस्त्र मिळवण्यासाठी पैसे भरून सोडत काढायला लावायची. दुर्मीळ पात्र निघण्याची शक्यता नगण्य. पण रुपयांचे आधी रत्नांत आणि रत्नांचे आणखी कशात तरी रूपांतर झालेले असल्याने किती पैसे गेले हे मुलाला उमगतच नाही. ‘गेनशिन इम्पॅक्ट’ या चिनी खेळाच्या कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या व्यापार आयोगाने याच स्वरूपाचे आरोप ठेवले आणि जानेवारी २०२५ मध्ये २ कोटी डॉलरच्या दंडावर ते प्रकरण मिटले. पालकांच्या संमतीविना १६ वर्षांखालील मुलांना अशी सोडत विकायची नाही, अशी अटही कंपनीला मान्य करावी लागली. बेल्जियमने तर २०१८ सालीच असल्या पैशाच्या पेट्यांना जुगार ठरवले होते. आणि त्याच बेल्जियममध्ये घडलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ ने एकही पेटी न विकता जगभर यश मिळवले. सचोटीने धंदा होत नाही, ही सबब येथेच निकालात निघते.

भारताच्या संसदेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि त्याच कायद्यात ई-क्रीडा व अन्य निर्दोष खेळांना उत्तेजन देण्याची तरतूद केली. म्हणजे द्यूत आणि मोक्षपट यांतील भेद कायद्याला समजला. तो घराघराला कधी समजणार?

ज्यांनी आपल्या कथा ओळखल्या

प्रश्न केवळ मुलांच्या संध्याकाळचा नाही. हे माध्यम ज्यांनी गांभीर्याने घेतले त्या राष्ट्रांनी त्यातून काय मिळवले हेही पाहावे.

पोलंडच्या आंद्रे सापकोव्स्की यांच्या कथांवरून वॉर्सातील मंडळींनी ‘द विचर’ हा खेळ रचला. २०११ साली अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा पोलंडला आले, तेव्हा पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनी त्यांना याच मालिकेचा दुसरा भाग भेट दिला! २०१५ साली आलेल्या तिसऱ्या भागात एक प्रसंग आहे. दारूच्या नशेत पत्नीला मारहाण करणाऱ्या एका गढीच्या सरदाराचे मूल पोटातच दगावते आणि विधीविना पुरले गेल्याने त्याचे पिशाच होते. खेळाडू त्याला ठार करू शकतो. किंवा त्या बापाला ते लेकरू कडेवर घ्यायला लावून, त्याला नाव देऊन, क्षमा मागून घराच्या उंबऱ्याखाली पुरायला लावू शकतो. मग ते पिशाच घराचा रक्षक होते. कोकणातल्या कोणत्याही आजीला ही गोष्ट परकी वाटणार नाही. पण जगाला ती पोलंडच्या लोककथेतून ठाऊक झाली. (हा खेळ प्रौढांचा आहे, तसे वयाचे मानांकन त्यावर छापलेले असते, ते वाचण्याचे कष्ट पालकांनी घ्यावेत.)

जपानमध्ये १९८८ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा तिसरा भाग घेण्यासाठी शाळा बुडवून मुले रांगेत उभी राहिली आणि पोलिसांनी त्यांना पकडले. पण त्या समाजाने ते माध्यम गाडून टाकले नाही. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकच्या उद्‌घाटनात जगभरचे खेळाडू मैदानात उतरू लागले, ते याच खेळाच्या संगीतावर.

आणि चीन? ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’ च्या तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या. शान्शी प्रांतातील ज्या प्राचीन मंदिरांची शिल्पे त्यात उतरवली, तेथे पर्यटकांची रीघ लागली. या खेळाचे मूळ कोणते? सोळाव्या शतकातील ‘पश्चिमेचा प्रवास’ ही कादंबरी. म्हणजेच धर्मग्रंथ आणण्यासाठी भारताकडे निघालेल्या भिक्षूची कथा. ज्या ह्युएन त्सांगवरून ती रचली, तो सातव्या शतकात नालंदेला शिकला आणि त्याने महाराष्ट्राचेही वर्णन लिहून ठेवले. भारताकडे येणाऱ्या वाटसरूवर चीनने जग जिंकणारा खेळ उभा केला. तो ज्या भूमीकडे येत होता तिच्याकडे दाखवायला काय आहे?

अगदीच काही नाही असे नाही. २०१४ साली ‘अनरेस्ट’ हा प्राचीन भारताच्या पार्श्वभूमीवरचा भूमिकाप्रधान खेळ एका भारतीय चमूने केला. २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या चमूने ‘राजी’ आणला. काटेकोर अर्थाने हा साहसखेळ, पण त्यात दुर्गा आणि विष्णू कथा सांगतात, आणि भावाच्या शोधात निघालेली एक साधी मुलगी असुरांशी लढते. नवोदितांच्या जागतिक पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले. परंतु २०१७ मध्ये याच चमूने लोकवर्गणीचे आवाहन केले होते, तेव्हा ठरलेली रक्कमसुद्धा जमली नव्हती. संस्कृतीच्या नावाने टाळ्या पुष्कळ, वर्गणी मात्र शून्याच्या घरात!

देव आणि जॉयस्टिक

शिवाय एखाद्याने धाडस केलेच, तर आक्षेप तयार असतो. २००९ साली ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा भारतीय खेळ आला, तेव्हा देवतेचे नियंत्रण खेळाडूच्या हाती देणे हा अवमान आहे, असा आक्षेप अमेरिकेतून घेतला गेला. खेळ सुमार असेल तर त्याला सुमार म्हणावे. पण देवाची भूमिका माणसाने घेणे हाच अवमान असेल, तर कोकणातील दशावताराचे काय करायचे? तेथे दिवसा शेत नांगरणारा गडी रात्री विष्णू होतो आणि गाव त्याला हात जोडते. एकनाथ महाराजांनी भारुडांत किती भूमिका घेतल्या! जोशी, वासुदेव, गोंधळी, अगदी विंचू चावलेलासुद्धा. सोंग घेऊन सत्य सांगणे ही या मातीची जुनी रीत आहे. भूमिका घेणे म्हणजे विटंबना नव्हे. ती बेपर्वाईने घेणे ही विटंबना.

तेव्हा बंदीचा सोपा मार्ग सोडून थोडा कठीण मार्ग धरावा. एखाद्या संध्याकाळी बापाने मुलाशेजारी खुर्ची ओढून बसावे आणि चार प्रश्न विचारावेत. या खेळात तू कोण आहेस? तुझ्या निर्णयाने कोणाचे काय झाले? पैसे कोठे मागितले जातात? आणि हा खेळ संपतो कधी? ज्या खेळात पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे भरभरून मिळतात, तो मोक्षपटाच्या वंशातला. जेथे फक्त तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लांबते आणि चौथ्याला उत्तरच नसते, ते द्यूत. त्याला घराबाहेर काढण्यात क्षणाचाही विलंब नको.

मुले कोणाच्या तरी कथेत भूमिका घेणारच आहेत. ती कथा कोणाची असावी हे ठरवण्याची वेळ मात्र वायर उपटण्यात निघून चालली आहे.