वाइंडिंग जड? आधी सफाई, मग वंगण

पस्तीस मिलिमीटरच्या यांत्रिक कॅमेऱ्यात वाइंडिंग लिव्हर एका ओढीत तीन कामे करतो: फिल्म एक फ्रेम पुढे सरकवतो, शटरचे पडदे ताण देऊन सज्ज करतो आणि काउंटर फिरवतो. १९७६ ते १९९७ या काळात निघालेला पेन्टॅक्स के१००० हे त्याचे परिचित उदाहरण.

फिल्म किती सरकायची हे स्प्रॉकेट ठरवतो. फिल्मच्या दोन छिद्रांतले अंतर ४.७५ मि.मी. असते, आठ छिद्रे सरकली की ३८ मि.मी. फिल्म पुढे जाते. त्यातले ३६ मि.मी. फ्रेमचे, २ मि.मी. मधल्या जागेचे. टेक-अप स्पूलवर वेढे वाढतात तसा तो दर फेऱ्याला जास्त फिल्म ओढू पाहतो. हा जादा ओढा घर्षण-क्लच घसरून सोडून देतो.

दोष ओळखण्यासाठी प्रथम फिल्म न भरता लिव्हर सावकाश ओढावा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा जडपणा असेल, तर बहुधा ग्रीस सुकलेले असते. एकाच ठिकाणी अडत असेल, तर दात्यात कचरा किंवा दाता दुखावलेला. फ्रेम एकमेकींवर चढत असतील, तर रिवाइंडचे बटण पूर्ण वर आले आहे का ते पाहावे. क्लच ढिला असेल, तर फिल्म स्पूलवर सैल राहते. फार आवळला असेल, तर छिद्रे फाटतात.

उघडण्यापूर्वी शटर सोडून ताण उतरवावा. जपानी कॅमेऱ्यांच्या फुलीच्या स्क्रूंना जेआयएस या जपानी मानकाचाच स्क्रूड्रायव्हर लावावा. साधा फिलिप्स खाच खातो. काही मॉडेलांत लिव्हरवरचा स्क्रू उलट आट्यांचा असतो, म्हणून जोर करण्यापूर्वी त्या मॉडेलची सर्व्हिस पुस्तिका पाहावी.

जुन्या ग्रीसवर नवे तेल सोडणे ही सर्वांत महाग पडणारी घाई आहे. तेल सुकलेला थर पातळ करते आणि तोच चिकटा कापडी पडद्यांपर्यंत पोहोचतो. सुटे केलेले धातूचे गिअर लायटर फ्लुइडमध्ये ब्रशने घासून कोरडे करावेत. रबर, कापड आणि प्लॅस्टिक त्यापासून दूर ठेवावे.

गिअरच्या दात्यांना ग्रीसचा पुसट थर पुरतो. आसांना सुईच्या टोकावर मावेल एवढेच घड्याळाचे तेल द्यावे. क्लचच्या घर्षणपृष्ठाला पुस्तिकेत सांगितले नसेल, तर काहीही लावू नये. फवाऱ्याचे डबे कॅमेऱ्याजवळ आणूच नयेत.

जोडणी झाल्यावर वाया गेलेला रोल भरावा. पाठ उघडी ठेवून, फिल्म स्प्रॉकेटवर हलकेच दाबून, प्रत्येक ओढीनंतर फ्रेमच्या खिडकीची कड फिल्मवर पेनने आखावी. रोल बाहेर काढल्यावर चौकटींमधली जागा सारखी दिसली पाहिजे.

जुन्या कॅमेऱ्यांचे नवे सुटे भाग दुर्मीळ आहेत. दाते झिजलेल्या गिअरच्या जागी बसवायचा गिअर बहुतेक वेळा दुसऱ्या कॅमेऱ्यातूनच काढावा लागतो. आहेत ते भाग टिकावेत म्हणून प्रत्येक कारागिराने वापरलेले वंगण, जागा आणि तारीख लिहून ती चिठ्ठी कॅमेऱ्यासोबत ग्राहकाला द्यावी. पुढे तो कॅमेरा उघडणाऱ्याचे निम्मे काम त्यातच होईल.