जोडाक्षरांशी भांडणारी आजी

बालमित्रांनो, जोडाक्षरं आली की तुमच्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडतात ना? आज अशाच एका आजीची ओळख करून घेऊ. त्यांचं नाव लक्ष्मीबाई टिळक.

त्यांचा जन्म १८६८ सालचा. अकराव्या वर्षी लग्न झालं. वाचायला शिकवलं ते पतीनं, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांनी. जोडाक्षरांशी मात्र त्यांचं कायम भांडणच!

१८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. लहानग्या दत्तूला घेऊन त्या वेगळ्या राहिल्या. पुढे संसार पुन्हा एकत्र आला, पण नवऱ्याचा धर्म तोच आपला, असं त्यांनी केलं नाही. माणसामाणसांतला भेद देवानं केला की माणसानं, याचा त्या विचार करत राहिल्या. मनाला पटलं तेव्हाच, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मग ही श्रद्धा त्यांच्या हातांत उतरली. प्लेगमध्ये त्यांनी रोग्यांची सेवा केली. पोरक्या मुलांना माया दिली. तुमच्या ओळखीचे बालकवी ठोंबरेही त्यांच्या घरी राहिले होते. १९१९ साली टिळक गेले. येशूच्या जीवनावरचं त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं! 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्रही लिहिलं. १९३६ साली त्या गेल्या. पुढे नातवानं, अशोक देवदत्त टिळकांनी, आजीच्या या पुस्तकाची आवृत्ती संपादित केली.

मुलांनो, तुमच्या आजीला विचारा, "आजी, स्वतःला पटलं म्हणून तू काय काय केलंस गं?" उत्तर वहीत लिहून ठेवा. जोडाक्षरं चुकली तरी चालतील!