तुला शेजारचा ऐकू आला का?

गुरुपौर्णिमेच्या संध्याकाळी जळगावात बारा मुलं तबले मांडून एका रांगेत बसली होती. सगळी सहा ते दहा वर्षांची. सहा माझ्या जळगावच्या वर्गातली, सहा धुळ्याच्या. वाजवायचा होता साधा केरवा, त्याचे दोन-तीन प्रकार आणि शेवटी एक तिहाई. दोन्हीकडे महिनाभर तयारी झाली होती, प्रत्येकाचा हात बसला होता. पहिलं मिनिट देखणं गेलं. दुसऱ्या मिनिटाला लय सरकू लागली आणि तिसऱ्याला केरवा असा सुटला की लेहरा, म्हणजे ताल धरून ठेवणारी फिरती धून, वाजवणाऱ्या पेटीवाल्या काकांना मुलांमागे धावावं लागलं. तिहाई बारा जणांनी बारा ठिकाणी संपवली. आईवडिलांनी भरभरून टाळ्या वाजवल्या. मला मात्र त्या टाळ्या ऐकवेनात, कारण चूक मुलांची नव्हतीच. मी त्यांना वाजवायला शिकवलं होतं, एकमेकांचं ऐकायला शिकवायचं राहून गेलं होतं.

जळगावची मुलं मोबाइलवरच्या लेहऱ्यावर रियाज करतात. तो लेहरा कुणासाठी थांबत नाही. धुळ्याची मुलं पेटीच्या लेहऱ्यावर वाजवतात आणि तिथले पेटीवाले मायेचे, मूल अडखळलं की तेही श्वासभर थांबतात. म्हणजे सहा मुलांना कुणीच थांबत नाही याची सवय, तर सहा जणांना आपल्यासाठी कुणीतरी थांबतंच याची. एरंडोल-पारोळ्यावरून दर बुधवारी एसटीने धुळ्याला जाणारा मी, दोन्ही वर्गांना तेच बोल, तोच केरवा शिकवत होतो. दोन ठिकाणी दोन वेगळे कान तयार होतायत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

प्रसाद वाटून झाला तसं बाराही जणांना सतरंजीवर गोल बसवलं. ‘कसं झालं?’ असं विचारलं नाही. तसं विचारलं की मुलं ‘छान’ म्हणतात आणि बोलणं तिथंच संपतं. एवढंच विचारलं, ‘वाजवताना तुला शेजारचा ऐकू आला का?’

बराच वेळ कुणी बोलेना. मग धुळ्याचा सात वर्षांचा एकजण चुंबळीशी खेळत खालमानेनं म्हणाला, ‘माले काहीच आयकू उनं नही, सर.’ घरात अहिराणी बोलणारा मुलगा. वर्गात तो जपून पुस्तकी मराठी बोलतो. त्या दिवशी खरं सांगायचं होतं, म्हणून घरची भाषा आली. त्यानं तोंड उघडलं आणि मग सगळेच बोलू लागले. एक म्हणाली, मला फक्त माझा डग्गा ऐकू येत होता. दुसरा म्हणाला, मी सरांच्या हाताकडे बघत होतो. एका मुलीनं तर दोष नेमका दाखवला : ‘जळगाववाले सगळे एकीकडे आणि आम्ही सगळे एकीकडे बसलो, म्हणून दोन केरवे झाले.’ पुढच्या वेळी एक जळगावचा, एक धुळ्याचा असं आलटून-पालटून बसू या, हेही तिनंच सुचवलं. वय वर्षं आठ.

तबला आपल्याकडे समोरासमोर बसून शिकायचा, एक गुरू आणि एक शिष्य. त्या पद्धतीनं किती मोठे हात घडवले हे मी सांगायला नको. परीक्षाही एकेकट्याचीच, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या चढताना मूल परीक्षकासमोर एकटं बसतं. विशारदपर्यंत जायचं तर हे हवंच. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी एकटं बसवलं की तबला ही त्याला चुकण्याची जागा वाटू लागते. चार जणांत बसलेलं मूल चुकलं तरी लय चालू राहते आणि त्याला पुन्हा तिच्यात शिरता येतं. हे पुन्हा शिरणं मला कायद्याच्या दहा पलट्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

आणि आपल्या खानदेशाला हे कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. कोथळी-मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते, तिच्या दिंडीतलं लहान मूल पाहा. त्याच्या गळ्यात कुणी मृदंग अडकवत नाही, हातात टाळ देतात. पन्नास टाळांत त्याचा एक टाळ. चुकला तर कुणी रागवत नाही, दोन पावलांत शेजारचे टाळ त्याला ओढून आणतात. मृदंगाची पाळी येईल तेव्हा येईल, तोवर भजनी ठेका अंगात भिनलेला असतो. होळीच्या आधी चोपडा-शिरपूर तालुक्यांत भोंगऱ्याचे बाजार भरतात, तिथे पावरा मंडळींचे मोठाले ढोल असतात. त्या ढोलाभोवती नाचणाऱ्या घोळक्यात कडेला पोरंही असतात. त्यांना मात्रा कुणी मोजून दिलेल्या नसतात. पाय मोजतात.

जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांनीही मुलांसाठी हाच रस्ता धरला. आधी तोंडानं बोला, मग टाळ्या वाजवा, पाय आपटा, वाद्य त्यानंतर, आणि सगळं मिळून. 1948 पासून बव्हेरियाच्या रेडिओवरून मुलांच्या वादनाचे त्यांचे कार्यक्रम होऊ लागले आणि पुढे ही पद्धत देशोदेशीच्या शाळांत गेली. त्यांच्याविषयी वाचताना मला सारखी आपली पढंत आठवत होती. हातानं टाळी-खाली दाखवत तोंडानं बोल म्हणायचे, ही आपली जुनी शिस्त. आपण ती एकट्याकडून करून घेतो, एवढाच फरक.

ऐकण्याचा विषय निघाला की मला बालगंधर्वही आठवतात. त्यांचं लहानपणीचं गाण्याचं शिक्षण जळगावात झालं, म्हणून आपल्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे. पुढे त्यांच्या नाटक मंडळीत तबल्याला खुद्द अहमदजान थिरकवाँ होते. एवढ्या तयारीचा माणूस एका नटाच्या पदामागे बसायचा. त्या बसण्यात ऐकणं किती असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. मुलांनाही हे सांगितलं. त्यांना थिरकवाँ हे नावच फार आवडलं. दिवसभर ‘थिरकवाँ, थिरकवाँ’ केरव्यात बसवून म्हणत होती.

तर आता आमच्याकडे वाजवणं झालं की पाच मिनिटं बोलणं ठरलेलं आहे. तबल्यावर हात ठेवायचा नाही. प्रत्येकानं एकच गोष्ट सांगायची, आणि तीही दुसऱ्याच्या वाजवण्यातली. ‘त्याचा ना स्वच्छ आला’, ‘ती खालीला डग्गा बंद करायला विसरली’, ‘शेवटी सगळे घाबरले’. सुरुवातीला मुलं चहाड्या करायची. दोन-तीन आठवड्यांत त्या आपोआप थांबल्या, कारण आपलीही पाळी येणार हे कळलं. जी मुलं लिहू शकतात ती वहीत एक ओळ लिहितात. एका वहीत एवढंच आहे : ‘आज मी हळू वाजवलं तर मला सगळे दिसले.’ ऐकू आले असं त्याला म्हणायचं असेल. मी ते दुरुस्त केलेलं नाही.

पालक विचारतात, या बोलण्यात वेळ जातो, तेवढ्यात एक कायदा नसता का झाला? झाला असता. तरीही मी ती पाच मिनिटं सोडणार नाही.

श्रावणात धुळ्याला पुन्हा एकदा वाजवायचं ठरलं. तेच बारा जण, तोच केरवा. हवा दमट, डग्गे उतरलेले. मेमधल्या उन्हात हेच तबले चामडं तडतडून वर चढत होते, आता हातोडीनं गट्टे ठोकून ठोकून वर आणावे लागले. या वेळी मोबाइलचा लेहरा नाही आणि थांबणारी पेटीही नाही. पेटीवाल्या काकांना मी हात जोडून सांगितलं, कुणासाठी थांबू नका. मुलं आलटून-पालटून बसली. आधी नुसती पढंत, मांडीवर टाळी. मग तबला.

मधल्या एका प्रकारात तो अहिराणी बोलणारा मुलगा सुटला. मागच्या वेळी सुटल्यावर तो जोरजोरात वाजवत राहिला होता. या वेळी त्यानं दोन्ही हात चामड्यावरून वीतभर वर उचलले आणि तसेच धरले. मान डावीकडे, शेजारच्या जळगावच्या मुलीकडे. ओठ हलत होते. एक आवर्तन गेलं, दुसरंही गेलं. समोर बसलेली त्याची आई उठून उभी राहिली. तिसऱ्या आवर्तनाच्या समेवर त्याचा धा पडला, अगदी त्या मुलीच्या धावर. तिनं मान न वळवता मोठ्ठं हसून घेतलं आणि दोघंही पुढे वाजवू लागले.