मीडियम वेव्हवरची जुनी गाणी

"मावशी, जुन्या गाण्यांचं स्टेशन आता चालणार नाही. आणि मीडियम वेव्हवर तर नाहीच नाही." जाहिरातीच्या धंद्यात असलेल्या माझ्या भाच्याने मागच्या महिन्यात लग्नाच्या पंगतीत असा निकाल देऊन टाकला. पानात गरम जिलबी होती, म्हणून तेव्हा मी गप्प राहिले. आता इथे सवडीने उत्तर देते. (तो हा ब्लॉग वाचतो, बरं का!)

राजेहो, त्याच्या बोलण्यात दोन प्रश्न एकात एक अडकले आहेत. जुनी गाणी ऐकणारे उरले आहेत का, हा एक. आणि मीडियम वेव्ह ऐकणारे उरले आहेत का, हा दुसरा. पंगतीत ते वेगळे करता येत नाहीत.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. सारेगामा म्हणजे आपली जुनी एचएमव्ही. या कंपनीने २०१७ साली 'कारवाँ' नावाचा डबा बाजारात आणला. दिसायला जुन्या रेडिओसारखा, आत पाच हजार गाणी भरलेली. फुकट मिळणारी गाणी लोकांनी हजारो रुपये मोजून घरी आणली! आमच्या शेजारपाजारच्या तीन घरांत तो आहे आणि तिन्ही ठिकाणी मुलांनी आईवडिलांना भेट दिलेला आहे. खासगी एफएमवाल्यांनाही हे कळलं होतं. २०१० च्या दशकात बिग एफएमवर अन्नू कपूर यांचा 'सुहाना सफर' चालला तो काही दानधर्म म्हणून नव्हे.

"म्हातारे गेले की जुनी गाणीही जाणार," असं जे म्हणतात त्यांचं मला नवल वाटतं. मी बी.ए.ला होते तेव्हा जुनी गाणी म्हणजे सैगल आणि पंकज मलिक. माझ्या सुनेची जुनी गाणी १९९० नंतरची आहेत. 'जुनं' दरवर्षी एक वर्ष पुढे सरकतं आणि नवे ऐकणारे घेऊन येतं. जाहिरातवाल्यांना मात्र तरुण कान हवे असतात. वास्तविक औषधं, कानाची यंत्रं, चारधामच्या सहली, मुदत ठेवी, नातवंडांची खेळणी हे सगळं कोण विकत घेतं? पण असो, भाच्याचा धंदा मी त्याला शिकवू नये.

खरी गोम दुसऱ्या प्रश्नात आहे, आणि तिथे आमच्या नागपूरचा थोडा इतिहास सांगितल्याशिवाय राहवत नाही. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. ५८५ किलोहर्ट्झ हा आकडा आमच्या पिढीला घरच्या पत्त्यासारखा पाठ. १९५२ साली नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांनी सिनेसंगीताला आकाशवाणीचं दार बंद केलं. एक मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा भक्त, हेतू चांगलाच असणार. पण लोकांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारची रात्र तिच्या नावे झाली. मग ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली. आणि १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर पहिल्या जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन ठिकाणी! म्हणजे गाणी लावून पैसे मिळतात का, हा प्रयोग देशात आधी आपल्याकडेच झाला. तो यशस्वी झाला, कारण संच घरोघरी होता. नसला तर शेजारी होता.

आज तो संचच नाही. मीडियम वेव्हची लहर लांबलचक असते. ५८५ किलोहर्ट्झची एक लहर पाचशे मीटरच्याही वर भरते, एफएमची जेमतेम तीन मीटर. लांब लहर पकडायला ट्रान्झिस्टरमध्ये ती काळी कांडी लागते, जी मोबाइलमध्ये बसत नाही. शिवाय आपल्या घरातली मोटार, ट्यूब, चार्जर, सगळे तिच्यावर खरखर ओततात. नागपूरच्या मे महिन्यात कूलर सुरू असताना मीडियम वेव्ह लावून बघा. अमेरिकेतही काही कंपन्यांनी विजेवरच्या मोटारींतून एएम काढून टाकलं, कारण मोटारीचीच खरखर ऐकू येते. ते परत बसवण्यासाठी तिथे २०२३ साली विधेयक आलं.

एक गंमत सांगते. मीडियम वेव्हवर आवाजाचे वरचे सूर पोचतच नाहीत, एका स्टेशनला जागाच तेवढी मिळते. म्हणून आजचं धडधडणारं गाणं तिथे पिचकं वाटतं. पण सैगलांच्या काळातल्या तव्यांवर वरचे सूर मुळात फारसे उतरलेच नव्हते. त्यांचं गाणं मीडियम वेव्हवर जवळजवळ सगळंच्या सगळं पोचतं. जुनं गाणं आणि जुनी लहर एकमेकांच्या मापाची आहेत, हे मला फार आवडतं.

पण मापाची असली म्हणून ती पैसे मिळवतील असं नाही. आपल्या देशात मीडियम वेव्ह खासगी कंपन्यांना कधी मिळालीच नाही, ती आकाशवाणीकडेच राहिली. प्रक्षेपक मोठे, वीज भरमसाट. नागपूरजवळच एक हजार किलोवॅटचा प्रक्षेपक उभा राहिला आणि त्यावर १९८८ पासून राष्ट्रीय चॅनल रात्रभर चालायचं. ते चॅनल २०१९ च्या सुरुवातीला बंद केलं गेलं. त्याच्या विजेचं बिल जाहिरातींवर कोणी काढू म्हणेल तर मी भाच्याच्या बाजूने हात वर करीन.

म्हणूनच माझं म्हणणं असं की हा हिशोब जाहिरातींच्या वहीत मांडूच नये. एके काळी टपाल कचेरीत रेडिओच्या परवान्याचे पैसे भरायचे, लाल पुस्तिकेत तिकीट लागायचं. १९८० च्या दशकात ते थांबलं. तेव्हा कोणी विचारलं नाही की रेडिओला 'परवडतं' का. वाचनालय परवडतं का? जिल्हा परिषदेची सात मुलांची शाळा परवडते का? तशा शाळेत मी नोकरीची पहिली चार वर्षं काढली आहेत.

माझी मोठी बहीण कुरखेड्याच्या पुढे एका खेड्यात राहते. नागपूरचे खासगी एफएम तिथे पोचत नाहीत. मोबाइलची रेंज अंगणातल्या चिंचेखाली येते, पावसात तिथूनही जाते. आकाशवाणीचं ॲप चांगलं आहे, मी रोज वापरते, पण चिंचेखाली उभं राहून वनिता मंडळ ऐकायचं वय तिचं राहिलेलं नाही. दोन सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर हाच तिचा सोबती.

तिच्यासाठी कारवाँ न्यावा असं मलाही वाटलं होतं. ती म्हणाली, "त्यात कोणी बोलतं का?" त्या पाच हजार गाण्यांच्या मध्ये वेळ सांगणारं, आज कोणाची पुण्यतिथी आहे ते सांगणारं, 'आपली आवड'मध्ये झुमरी तलैया नाही तर आरमोरीच्या कुणाचं नाव वाचणारं माणूस तिला हवं होतं.

आणि हिंदी गाणी तर सगळीकडे आहेत. मराठीचं काय? 'गीतरामायण' १९५५ साली पुणे केंद्रावर घडलं, ते कुठल्या कंपनीने पैसे लावून काढलं नव्हतं. प्रत्येक केंद्रावर असं ध्वनिमुद्रण होत आलं आहे: भावगीतं, झाडीपट्टीतली गाणी, दंडार, भजनं. शिवाय आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांनी संपतो. गीतकार-संगीतकारांचा हक्क वेगळा, तो द्यावाच. पण आपल्याच स्टुडिओत रेकॉर्ड केलेल्या फितींचा रोज एक तास लावायला किती खर्च येणार? तोच तास मीडियम वेव्हवर, तोच ॲपवर. अमेरिकेतल्या पुतण्याने ॲपवर ऐकावं, बहिणीने ओसरीवर.

एवढं सगळं एका आंतरदेशीय पत्रात मावेना, म्हणून साधा कागद घेऊन केंद्राला लिहिलं आहे. सिव्हिल लाइन्सपर्यंत जाऊन पत्र स्वतः देऊन आले, चालणंही झालं. उत्तर आलं की इथे टाकीन. तोवर तुमच्याकडे कोणाच्या घरी मीडियम वेव्हचा चालू संच आहे, ते खाली जरूर लिहा. कोणत्या गावी काय लागतं तेही सांगा.