सुई हाती घेण्यापूर्वी नोंदणी

आपल्या दवाखान्याच्या फलकावर पंचकर्माच्या जोडीला 'अ‍ॅक्युपंक्चर' हा शब्द लिहिणारे वैद्यबंधू आता अनेक ठिकाणी दिसतात. नवी चिकित्सा शिकण्यास आमचा विरोध नाही. मात्र 'आम्ही नोंदणीकृत वैद्य आहोत, मग सुईसाठी वेगळी नोंदणी कशाला?' हा जो प्रश्न विचारला जातो, त्याविषयी स्पष्ट बोलणे आम्ही कर्तव्य समजतो.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २००३ च्या आदेशाने अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र वैद्यकशास्त्राचा दर्जा दिला नव्हता. नोंदणीकृत व्यावसायिकांनी वा योग्य प्रशिक्षितांनी वापरावयाची उपचारपद्धती एवढीच मुभा दिली होती. 'योग्य प्रशिक्षण' म्हणजे काय, हा प्रश्न अनेकांनी आपापल्या सोयीने सोडविला. पुढे चित्र पालटले. पश्चिम बंगालने १९९६ मध्येच स्वतंत्र कायदा केला होता. महाराष्ट्राने २०१५ चा अ‍ॅक्युपंक्चर उपचारपद्धती अधिनियम करून परिषद व नोंदवही यांची तरतूद केली आणि २०१९ मध्ये केंद्रानेही या पद्धतीस स्वतंत्र मान्यता दिली. आता सोयीचा अर्थ लावण्यास जागा उरलेली नाही.

'मर्मविज्ञान आमचेच, सिरावेधही आमचाच' हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. सुश्रुताचार्यांनी १०७ मर्मे वर्णिली ती तेथील आघात टाळण्यासाठी. ते वर्णन म्हणजे सुई टोचण्याचा परवाना नव्हे. त्याच सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शास्त्र शिकलेल्या, कर्म पाहिलेल्या व स्वहस्ते केलेल्या वैद्यानेही राजाची अनुज्ञा मिळाल्यावरच व्यवसायात पाऊल टाकावे, असे सांगितले आहे. आजची नोंदणी ही त्या राजानुज्ञेचेच रूप होय.

प्रश्न केवळ कागदाचा नाही. छातीवर वा पाठीवर सुई प्रमाणाबाहेर खोल गेल्यास फुप्फुसावरणात हवा शिरून रुग्णाचा जीव धोक्यात येतो. सुई पुन्हा वापरल्यास कावीळ 'ब' पसरू शकते. वापरलेली सुई २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार न टोचल्या जाणाऱ्या डब्यातच गेली पाहिजे. प्रसंग ओढवल्यास न्यायालय पदवीपेक्षा त्या कर्माचा अधिकार पाहील. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूनम वर्मा प्रकरणात, अ‍ॅलोपॅथीची औषधे देणाऱ्या होमिओपॅथी व्यावसायिकास याच कारणास्तव निष्काळजी ठरविले होते.

पदवीविना आयुर्वेदाचा फलक लावणाऱ्या भोंदूंविरुद्ध आपण वर्षानुवर्षे तक्रारी करीत आलो आहोत. दुसऱ्याच्या नोंदवहीचा मान आपण राखला नाही, तर आपल्या नोंदवहीचा मान कोणी राखावा?

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, ज्यांना ही चिकित्सा करावयाची आहे त्यांनी रीतसर प्रशिक्षण घ्यावे, परिषदेकडे नोंदणी करावी आणि मगच फलक रंगवावा. तोवर सुई बाजूला ठेवण्यात कमीपणा नाही. रुग्णाचे हित व आयुर्वेदाची प्रतिष्ठा दोन्ही त्यातच आहे.