नगरसेवक होऊ इच्छिणाऱ्याने प्रथम काय करावे?

महानगरपालिकेची निवडणूक जवळ आली म्हणजे आपल्या शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी या उपनगरांत उमेदवारांची वर्दळ सुरू होते. प्रत्येकाच्या हाती एक छापील पत्रक असते आणि त्यात रस्ते, पाणी, दिवे, उद्याने, क्रीडांगणे, स्वागतकमानी अशी पंधरावीस अभिवचने ओळीने मांडलेली असतात. ही सर्वच कामे चांगली आहेत, हे कोण नाकारील? तथापि या पत्रकांत मला एक उणीव नेहमी जाणवत आली आहे. त्यांत यादी असते, पण क्रम नसतो. आधी काय आणि मग काय, हे उमेदवार सांगत नाही आणि आपणही त्याला विचारीत नाही.

आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी. नवे गोदाम घेताना आम्ही भिंतींचा रंग पाहत नाही. जमिनीला ओल आहे काय आणि छप्पर गळते काय, हे प्रथम पाहतो. मग लाकडी फळ्या अंथरतो आणि त्यानंतरच पोत्यांची थप्पी लावतो. हा क्रम ज्याने मोडला, त्याचा माल पहिल्याच पावसाळ्यात कुजला म्हणून समजावे. उपनगराची व्यवस्था याहून फारशी वेगळी नाही.

या दृष्टीने पाहता आपल्या भागात पहिले स्थान पाण्याच्या निचऱ्याला दिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑगस्ट २०१९ मधील अतिवृष्टी आपणांपैकी कोणीही विसरलेला नसेल. बळ्ळारी नाला फुगला म्हणजे वडगाव, शहापूरची शिवारे पाण्याखाली जातात. ज्या बासमतीच्या सुवासाने बेळगावचे नाव दूरच्या पेठांत पोहोचले, तो बासमती याच शिवारांत पिकतो. नाल्यात गाळ साचतो, जलपर्णी माजते, त्यात शहराचे सांडपाणी मिसळते, आणि वाट न मिळालेले पाणी शेतात व घरात शिरते. ही आपत्ती केवळ आकाशातून येत नाही. तिचा मोठा भाग आपणच जमिनीवर तयार करून ठेवतो. म्हणून नाल्यातील व गटारांतील गाळ मृग नक्षत्रापूर्वी निघाला की नाही, हा उमेदवाराला विचारावयाचा पहिला प्रश्न होय. ज्या रस्त्याखालचे गटार तुंबलेले आहे, त्या रस्त्यावर डांबर ओतणे म्हणजे ओल्या जमिनीवर थप्पी लावणे होय.

दुसरे स्थान पिण्याच्या पाण्याचे. राकसकोप आणि हिडकल या जलाशयांतून शहराला पाणी मिळते. २००८ साली शहराच्या काही भागांत चोवीस तास पाणीपुरवठ्याचा प्रयोग सुरू झाला आणि आपल्यासारख्या शहरातही ही गोष्ट साधते, हे त्याने दाखवून दिले. यात प्रश्न केवळ सोयीचा नाही. नळ काही तासच चालतो तेव्हा उरलेल्या वेळी जलवाहिनी रिकामी राहते आणि तिच्या जीर्ण सांध्यांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत झिरपू शकते. आपण जैन लोक पाणी गाळून पितो. तो आपला कुलाचार आहे आणि त्यामागे जीवदया आहे. परंतु घरात गाळण्याचे वस्त्र धरणारा गृहस्थ रस्त्यातील जलवाहिनी कोठून जाते, याची कधी चौकशी करतो काय?

तिसरे स्थान कचऱ्याचे. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन घातले. आपल्या साधूंच्या पाच समितींमध्ये उत्सर्ग समिती सांगितली आहे. टाकावू वस्तू कोठे व कशी टाकावी, जेणेकरून कोणाही जीवाला पीडा होणार नाही, याची दक्षता म्हणजे ती समिती. साधूंना जे व्रत म्हणून सांगितले, त्याचा अंशमात्र तरी गृहस्थाने पाळावयास काय हरकत आहे? साचलेल्या कचऱ्यात व डबक्यात असंख्य जीव जन्मतात आणि मग औषध फवारून आपण ते मारतो. त्यापेक्षा ते डबके न होऊ देणे हीच खरी अहिंसा.

त्यानंतर शाळेच्या वाटेवरील पदपथ आणि रस्त्यावरील दिवे यावेत. कमानी, कारंजी आणि चौकांची शोभा ही सर्वांच्या शेवटी यावीत. शोभेला माझा विरोध नाही, परंतु घरात धान्य नसताना दारावर तोरण बांधण्यात काही अर्थ नाही.

येथे मला स्वतःचा एक दोष सांगितला पाहिजे, अन्यथा हे लिहिण्याचा मला अधिकार राहणार नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी घरापुढे वाहन उभे करता यावे म्हणून मी गटारावर सिमेंटचा कोबा घातला. तसे करण्यास परवानगी नव्हती, हे मला ठाऊक होते. त्या वेळच्या नगरसेवकाला मी शब्द टाकला आणि त्यानेही काणाडोळा केला. मला त्यात माझी प्रतिष्ठाच वाटली. २०१९ च्या त्या पावसात गटाराचे पाणी माझ्या कोब्यापाशी अडले आणि शेजारच्या घरात शिरले, कारण ते घर माझ्या घराहून दोन पायऱ्या खाली आहे. तेथील वृद्ध बाईंनी वर्षाचा तांदूळ भरून ठेवला होता, तो सारा भिजला. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत. मी दुसऱ्या दिवशी दुकानातून तांदूळ पाठवून दिला आणि पाऊस उघडताच कोबा फोडून टाकला. परंतु तांदूळ भरून दिला म्हणजे हिशेब पुरा झाला, असे मला आजही वाटत नाही. नाल्याचा गाळ का काढला नाही, असे त्या नगरसेवकाला विचारण्यासाठी मी निघालो होतो, तो अर्ध्या वाटेवरून परतलो. माझे मत मी एका कोब्याला कधीच विकून बसलो होतो, मग जाब कोणत्या तोंडाने विचारणार?

मला वाटते, आपल्या समाजाची या बाबतीतील खरी दुर्बलता हीच आहे. आपण उमेदवाराकडे आपले काम मागतो, वस्तीचे काम मागत नाही. आपली दुकाने रविवार पेठेत, मन दुकानात, आणि ज्या वस्तीत आपली मुलेबाळे राहतात ती वस्ती मात्र आपल्याला केवळ रात्रीपुरती दिसते.

आणखी एक गोष्ट नाजूक असली तरी लिहितो. आपल्या शहरात महानगरपालिकेची मते दीर्घकाळ भाषेच्या प्रश्नावर पडत आली. २०२१ साली ५८ प्रभागांची निवडणूक पक्षांच्या चिन्हांवरही लढविली गेली. मातृभाषेवरील प्रेम हा दोष नव्हे. मीही मराठीतच विचार करतो आणि मराठीतच वही लिहितो. परंतु नाल्याचे पाणी घरात शिरताना भाषा विचारीत नाही आणि पक्षही विचारीत नाही. भाषेचा अभिमान बाळगणाऱ्या उमेदवाराने गटाराचाही हिशेब द्यावा, अशी अपेक्षा करण्यात कोणत्याही निष्ठेला बाध येत नाही.

कित्येक उमेदवार म्हणतील, एकट्या नगरसेवकाच्या हाती काय आहे? त्यात थोडे तथ्य आहे. महापौराची मुदत आपल्याकडे केवळ एक वर्षाची असते आणि बरीचशी सूत्रे अधिकाऱ्यांच्या व राज्य शासनाच्या हाती असतात. परंतु १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या ४ लाख ८८ हजारांच्या घरात होती. तेव्हा प्रभागातील नागरिकांना नियमितपणे बोलावून त्यांच्यासमोर कामांचा क्रम ठरविण्याचे अभिवचन प्रत्येक उमेदवार देऊ शकतो. तसेच प्रभागात कोणते काम मंजूर झाले, किती रकमेचे आणि कोठवर आले, हे दर तीन महिन्यांनी एका फळ्यावर लिहून लावता येईल. आपण रोजमेळ रोज लिहितो आणि खतावणी वेळेवर करतो. सार्वजनिक पैशाला याहून कमी शिस्त का असावी?

उमेदवाराकडून इतके मागावयाचे, तर आपणही काही दिले पाहिजे. घरपट्टी वेळेवर भरावी. कचरा वेगळा करून द्यावा. घरापुढील गटार झाकले असेल तर उघडावे. आणि उमेदवार दारी आला असता आपल्या खाजगी कामाविषयी एक अक्षरही बोलू नये. त्याला आसन द्यावे, पाणी द्यावे आणि शांतपणे एवढेच विचारावे, ‘आपल्या पत्रकातील पहिले काम कोणते, ते केव्हा पुरे होईल आणि त्यासाठी मागे कोणते काम ठेवाल?’ या प्रश्नाचे सरळ उत्तर जो देईल, तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्याविषयी आपण अवश्य विचार करावा.

माझ्या घरापुढील गटार आता उघडे आहे. दिसावयास ते मुळीच शोभिवंत नाही, परंतु पाणी वाहून जाते.