टॉवर लाइन, डिश आणि विसरण्याची तक्रार

नारायणगाव, मंचर, घोडेगाव या पट्ट्यात दवाखाना चालवणाऱ्या बहुतेकांच्या कानावर हे कधी ना कधी आलेले असते : "डॉक्टर, रानातनं टॉवर लाइन गेल्यापासून डोकं जड राहतं, काही ध्यानात राहत नाही." खोडदच्या बाजूला बोट तारांऐवजी डिशकडे वळते. "तसं काही नसतं" म्हणून गोळ्या लिहून देणे सोपे आहे. पण अशा उत्तराने रुग्णाची शंका जात नाही आणि विसरण्याचे खरे कारण तपासायचे राहून जाते.

डिशचे उत्तर एका वाक्यात देता येते. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीसही अँटेना आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओ लहरी टिपतात, स्वतः सोडत नाहीत. गावच्या वीजवाहिनीवर ठिणग्या उडाल्या तर त्रास दुर्बिणीला होतो. हे रुग्णाला ठामपणे सांगावे.

तारांचे तसे नाही, तिथे थोडा धीर धरून बोलावे लागते. उच्चदाब वाहिनीखाली तारेच्या कुंपणाला किंवा उभ्या ट्रॅक्टरला हात लावल्यावर झिणझिणी येते, हे खरे आहे. वाहिनीच्या विद्युत क्षेत्रामुळे धातूवर भार साठतो आणि हाताला चटका बसतो. कुंपणाला नीट अर्थिंग केले की तो थांबतो. रुग्णाने अंगावर अनुभवलेली गोष्ट आपण आधीच खोटी ठरवली, तर पुढचे तो ऐकणार नाही.

मेंदूपर्यंत काय पोचते? ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र शरीरात अतिशय क्षीण विद्युत क्षेत्र निर्माण करते. आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१० साली सामान्य जनतेसाठी २०० मायक्रोटेस्लाची मर्यादा घातली. मोठ्या वाहिनीच्या थेट खाली हे क्षेत्र सहसा काही मायक्रोटेस्लापासून वीसेकपर्यंत असते आणि अंतराबरोबर झपाट्याने उतरते. चुंबकाने मेंदूपेशी चेतवता येतात, यात शंका नाही. शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ साली ते करून दाखवले आणि नैराश्यावरची टीएमएस चिकित्सा त्यातूनच आली. पण तिथे डोक्याला टेकवलेल्या वेटोळ्यातून क्षणभर दीड-दोन टेस्लाचे स्पंद सोडतात. वाहिनीखालच्या क्षेत्राच्या ते लाखभर पट होतात.

दीर्घकालीन धोक्याचा प्रश्न मात्र हाताने झटकून टाकू नये. २००९ च्या एका स्विस अभ्यासात मोठ्या वाहिनीपासून ५० मीटरच्या आत पंधरा वर्षांहून अधिक काळ राहिलेल्यांत अल्झायमरने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे दुप्पट दिसले. २०१३ च्या डॅनिश अभ्यासात त्याला दुजोरा मिळाला नाही. २००२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या चुंबकीय क्षेत्राला 'कर्करोगाची शक्यता आहे' या गटात घातले ते बालकांच्या रक्ताच्या कर्करोगामुळे. स्मृतीशी त्याचा संबंध नव्हता. गेल्या महिन्यापासून नावे आठवत नाहीत म्हणणाऱ्या पन्नाशीच्या शेतकऱ्याचे उत्तर या आकड्यांत सापडणार नाही.

ते आपल्या केसपेपरवर सापडू शकते, जर आपण विचारले तर. बी-१२ पाहिले का? कित्येक वर्षे मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी चालू आहे का? थायरॉइड, रक्तदाब, मनाची उदासी, झोपेसाठी कुणी सुरू केलेली आणि कधीच बंद न झालेली अल्प्राझोलाम? म्हाताऱ्या माणसाला ऐकू येते का, हेही बघा. लॅन्सेट आयोगाने डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत श्रवणदोषाला मोठे स्थान दिले आहे.

आणि आपल्या तालुक्यांपुरता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न फवारणीचा. आपला पट्टा द्राक्ष आणि टोमॅटोचा, आणि सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधांचा दीर्घकाळ थोडा थोडा संपर्क आलेल्यांत स्मृती आणि एकाग्रतेच्या चाचण्यांतील गुण कमी आढळले आहेत. हात-पाठ भिजेपर्यंत पाठीवरच्या पंपाने फवारणारा गडी आणि त्याचे कपडे धुणारी त्याची बायको, दोघांनाही विचारा. हंगामाआधी एकदा आणि ऐन फवारणीत एकदा रक्तातील कोलिनएस्टरेज तपासले, तर उतार लक्षात येतो. एकट्या आकड्यावरून फारसे कळत नाही, कारण प्रत्येकाची मूळ पातळी वेगळी असते.

दुसरा प्रश्न : या आठवड्यात विजेची पाळी दिवसाची की रात्रीची? शेतीपंपाची थ्री-फेज वीज रात्री आली की माणूस बॅटरी घेऊन मोटार चालू करायला रानात जातो, बारे मोडतो आणि बिबट्याच्या धास्तीने उसाकडे कान लावून पहाटेपर्यंत जागा राहतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा दिवसाची पाळी. दिवसभरात शिकलेले मेंदू झोपेत पक्के करतो. ती झोपच वर्षानुवर्षे तुकड्या-तुकड्यांनी मिळाली तर आठवण पातळ होणारच. वीज या माणसाच्या स्मरणावर परिणाम करते आहे, हे त्याचे म्हणणे मला मान्य आहे. फक्त ती करते आहे आपल्या वेळापत्रकाने.

म्हणून आमची विनंती आहे की, ऑक्टोबर छाटणीपासून प्रत्येक विसरण्याच्या तक्रारीसोबत तीन नोंदी केसपेपरवर घ्याव्यात : फवारलेल्या औषधाचे नाव, शेवटची फवारणी कधी, आणि गेल्या पंधरवड्यातल्या रात्रपाळ्या किती. दिवसा वीज मिळावी म्हणून जुन्नर-आंबेगावचे शेतकरी बिबट्याचे कारण पुढे करून निवेदने देतात. यंदाच्या निवेदनाला या नोंदी जोडाव्यात आणि त्याखाली दोन्ही तालुक्यांतल्या डॉक्टरांनी सह्या कराव्यात.